शेवटच्या आजारात मुलांचे कर्तव्य
(रौप्यमहोत्सवी सप्ताहात रुग्णांच्या दिवशी देवळात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी आपल्याच धर्मग्रामातील दोघे भाऊ पहाटे माझ्या दारी आले. त्यांचे वृद्ध वडील इस्पितळात व्हेंटिलेटरवर होते. आशा उरली नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. केळीची वाडी विकण्याची बोलणी चालली होती. थोरल्याने विचारिले, "फादर, यंत्र काढा म्हटले तर आबांच्या हत्येचे पाप आम्हांस लागेल काय?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील तसे करा." आबा एकोणीस दिवसांनी गेले, वाडी त्याआधीच गेली. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या मनुष्याने असे उत्तर द्यावे, याची मला आजही लाज वाटते. त्यांचा प्रश्न वैद्यकाचा नव्हताच, तो सदसद्विवेकबुद्धीचा होता. ते ऋण आज फेडतो.

जीवन ही देवाची ठेव आहे. आपण तिचे धनी नव्हे, राखणदार आहो. म्हणून दुःख सरावे या हेतूने आजाऱ्यास प्राणघातक सुई टोचणे हा पाचव्या आज्ञेचा भंग होय, मग ती दयेने का टोचलेली असेना. परंतु ठेव राखणे म्हणजे वाटेल त्या किमतीस श्वास लांबविणे नव्हे. सोळाव्या शतकात सालामांका येथील डोमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी शिकविले की, वैद्याने कोंबडी खाण्यास सांगितले तरी साध्या अन्नावर राहणारा आजारी पाप करीत नाही. (तेव्हा तिकडे कोंबडी ही चैन होती, आपल्याकडे आजाऱ्यास रस्सा पाजल्याखेरीज शेजारीण उठत नाही!)

पुढे श्वासयंत्रे आली, तेव्हा भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांस पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी उत्तर दिले. मनुष्य साधारण उपायांस बांधलेला आहे. स्वतःवर किंवा इतरांवर भारी ओझे घालणाऱ्या असाधारण उपायांस नाही. कुटुंबास ते ओझे खरोखर पेलत नसेल, तर यंत्र थांबवा असे त्यांनी डॉक्टरांस सांगणे धर्म्य आहे. हेच यंत्र न्युमोनिया झालेल्या तरुणास आठ दिवस लावणे साधारण ठरेल. आबांच्या बाबतीत ते तसे नव्हते. त्या दोघा भावांस मी हे सांगावयास हवे होते. वेदना शमविणाऱ्या औषधाने आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला, तरी मृत्यू हा हेतू नसेल व दुसरा इलाज नसेल तर ते देता येते, हेही त्याच पोपमहाराजांनी त्याच वर्षी सांगितले होते.

मात्र 'असाधारण' या शब्दाच्या आड कोणी लपू नये. वाटणी लवकर व्हावी म्हणून निघालेला "आता हाल बघवत नाहीत" हा उद्गारही मी ऐकिला आहे. कूस बदलणे, अंग पुसणे, ओठ ओले करणे, उशाशी बसून रोझरी म्हणणे हे कधीच असाधारण होत नाही. नळीने दिलेले अन्नपाणीदेखील तत्त्वतः साधारण काळजीच होय, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली सांगितले.

आणि वडीलधाऱ्यांनो, मुलांवर हा निर्णय का टाकता? जीभ चालते आहे तोवर सांगून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा लेखी इच्छेस मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून कागद नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे नेला की झाले. माझा कागद मी गेल्या उपवासकाळात लिहिला. त्यात यंत्रांविषयी लिहिण्याआधी, शुद्ध असतानाच मला तैलाभ्यंग द्यावा, एवढे लिहिले आहे.