दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यातच



खेड्यात काही लपून राहत नाही, असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी लागले, कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, ही बातमी दुपारपर्यंत पारावर पोचते. यात वाईट काही नाही. बातमीपाठोपाठ मदतीला माणसेही येतात. पण एक गोष्ट अशी आहे की ती पारावर पोचली म्हणजे येणारी माणसेसुद्धा यायची थांबतात. ती म्हणजे आजाऱ्याचा आजार.

मी आयुष्यभर नर्स म्हणून खेड्यांत काम केले. आज तुम्हांला उपदेश करण्याआधी माझी स्वतःची चूक सांगते.

नोकरीची पहिलीच वर्षे होती. एका गावातली एक सून क्षयाच्या गोळ्या न्यायला दवाखान्यात येत असे. पदर तोंडावर घेऊन यायची, गोळ्या घ्यायची आणि मागल्या वाटेने जायची. एके दिवशी मी एस.टी.ची वाट पाहत उभी होते. शेजारी त्याच गावच्या एक आजी होत्या. त्यांनी सहज विचारले, “बाई, आमच्या आळीतली ती पोरगी तुमच्याकडं सारखी येती, तिला काय झालंय हो?” मला वाटले, खरे सांगितले तर लोकांची भीती जाईल. मी म्हणाले, “छातीचा आजार आहे आजी, पण घाबरू नका. गोळ्या घेतल्या की बरा होतो.”

माझ्या बोलण्यातले ‘बरा होतो’ हे शब्द एस.टी.च्या थांब्यावरच राहिले. ‘छातीचा आजार’ एवढेच गावात गेले. आठ दिवसांत त्या मुलीचे ताट-वाटी वेगळी झाली आणि महिनाभरात तिला माहेरी पाठवली. गोळ्या बंद पडल्या. मी पत्ता काढून माहेरी गेले, तेव्हा तिची आई दारातच उभी राहिली. म्हणाली, “बाई, आता आणखी कुणाला सांगायचं राहिलंय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे दुसऱ्या दवाखान्यातून तिचे औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले आणि ती बरी झाली. सासरी मात्र ती परत गेली नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकले. रोग्याचे गुपित राखणे हा केवळ शिष्टाचार नाही, तो औषधोपचाराचाच भाग आहे. क्षयाची औषधे साधारणपणे सहा महिने न चुकता घ्यावी लागतात. औषध नीट लागू पडले म्हणजे काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याची भीती पुष्कळच कमी होते. पण लोकलाजेने रोग्याने दवाखाना सोडला, तर तोही बुडतो आणि घरच्यांनाही धोका होतो.

तुम्ही म्हणाल, “बाई, मग सरकारदरबारी नोंद कशाला करता?” प्रश्न रास्त आहे. क्षयाच्या प्रत्येक रोग्याची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणे २०१२ सालापासून सक्तीचे आहे. या नोंदीमुळे औषध फुकट मिळते, घरातल्या माणसांची तपासणी होते आणि २०१८ पासून सकस आहारासाठी रोग्याच्या बँक-खात्यात पैसेही जमा होतात. पण नोंद वेगळी आणि बोभाटा वेगळा. ज्याला उपचार करायचे आहेत त्याला कळणे ही नोंद. ज्याला नुसते बोलायचे आहे त्याला कळणे हा बोभाटा.

ही समज नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येविषयी १८५९ साली पुस्तक लिहिले, त्यातही नर्सने रोग्याच्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत असे बजावले आहे. आपल्या देशात आता कायद्याचाही आधार आहे. खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. एचआयव्ही आणि मानसिक आजार यांविषयी २०१७ साली जे कायदे झाले, त्यांनी ठरावीक अपवाद सोडून रोग्याची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते, अशी तरतूद २०२१ साली झाली.

पण मंडळी, कायदा कागदावर असतो आणि नर्स असते उपकेंद्रात. ते उपकेंद्र डोळ्यांपुढे आणा. ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे मैदानी मुलखात ५,००० वस्तीला आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र. खोल्या लहान. एका बाकावर पाचजणी खेटून बसलेल्या. एकीची नाडी पाहत असताना दुसरीचे कान तिथेच. पोटातले दुखणे सांगायचे तरी कसे? मग बाई म्हणते, “काही नाही, नुसतं डोकं दुखतंय.” आणि डोकेदुखीची गोळी घेऊन घरी जाते. नर्सने तोंड कितीही घट्ट मिटले, तरी खोलीला पडदा नसेल तर गुपित राहायचे कसे? नर्सच्या सचोटीबरोबर एक आडोसा, एक कुलपाचे कपाट आणि प्रत्येकीला द्यायला पाच मिनिटांची सवड, हेही लागते.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण १,००० वस्तीमागे एक आशाताई आली. ती गावचीच लेक-सून. घरोघर तिला मान आहे, हे तिचे बळ. पण ती कुणाच्या उंबऱ्यात किती वेळ बसली, हे सगळी आळी पाहते, ही तिची अडचण. म्हणून शहाणी आशाताई एकाच घरी जात नाही. ती ओळीने चार घरी जाते आणि कामाचे एकाच घरी बोलते.

आणखी एक नवी अडचण आहे. पूर्वी रजिस्टर कपाटात असे, आता ते मोबाइलमध्ये खिशात आले आहे. कामाचा पुरावा म्हणून फोटो काढायचा आणि गटावर टाकायचा. त्या फोटोत रोग्याचा चेहरा असतो, कागदावरचे नाव असते. रजिस्टर निदान कुलपात तरी राहत होते. हा फोटो कुठे कुठे फिरेल, ते पाठवणारीलाही कळत नाही. म्हणून कार्यकर्त्या भगिनींना माझे सांगणे आहे, फोटोत काम दिसू द्या, माणूस ओळखू येऊ देऊ नका.

आता गुरुजनांना दोन शब्द. शाळेत मुलांची आरोग्यतपासणी होते. तपासणीचा कागद हातात आला, की तो वर्गात मोठ्याने वाचू नका. ‘हिच्या अंगात रक्त कमी’, ‘याला खरूज’, ‘हा रात्री अंथरूण ओले करतो’, असे एकदा वर्गाने ऐकले की ते त्या मुलाचे टोपणनाव होते. मग पुढच्या तपासणीला ते मूल घरीच राहते. आईबापांना बोलावून शांतपणे सांगा. मुलीचे काही असेल तर शाळेतल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन बोलावे.

एक शंका राहते. घरच्यांना तरी सांगायचे की नाही? सांगायचे, पण रोग्याच्या तोंडून किंवा त्याच्या संमतीने. नर्सने त्याला धीर द्यावा. “तुम्ही बोला, मी शेजारी बसते,” एवढे म्हटले की पुष्कळांना वाचा फुटते. चुलीपाशी बसून नवऱ्याला आजार सांगणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या घरून पुढे औषधाची वेळ नवरेच सांभाळू लागले.

शेवटी तुम्हां सर्वांना एक विनंती. तुमच्या गावात नर्सबाई किंवा आशाताई भेटल्या, तर ‘तिला काय झालंय?’ असे विचारू नका. ‘आम्ही काय मदत करू?’ असे विचारा. ग्रामसभेत रस्त्याचा आणि नळाचा विषय निघतो, तसा उपकेंद्राच्या पडद्याचा आणि कपाटाच्या कुलपाचाही विषय काढा. त्याला फार पैसे लागत नाहीत. आणि कुणी पदर तोंडावर घेऊन मागल्या वाटेने दवाखान्यात जाताना दिसलीच, तर तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. ती औषध घ्यायला निघाली आहे.