वापरणाराची परिषद



संगणकाच्या वा मोबाईलच्या पडद्यावर कोणते बटण कोठे असावे, कोणता शब्द लिहावा, म्हणजे वापरणाराला सोपे जाईल, हे ठरविणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याला यूएक्स डिझाइन म्हणतात. अशा विषयांची 'इंटरॅक्ट' ही जागतिक परिषद १९८४ साली लंडनला सुरू झाली आणि २०१७ च्या सप्टेंबरात ती पवईला आयआयटीत भरली. 'जागतिक विचार, स्थानिक रचना' हे तिचे सूत्र होते. त्याच आयआयटीत 'स्वरचक्र' हा मराठी कळफलक तयार झाला. अक्षरावर बोट ठेवले की भोवती बाराखडी चक्रासारखी उघडते. बोट सरकवून हवी ती मात्रा घ्यावयाची. बाराखडी घोकलेल्या माणसाला ते निराळे शिकवावे लागत नाही. रचना म्हणतात ती ही.

अशीच एक लहान परिषद भीमाशंकरच्या डोंगरात भरवावी, असे पुण्यातील काही तरुणांच्या मनात आले. सभा भरविण्यात माझा जन्म गेला, म्हणून ते माझ्याकडे आले. त्यांची आखणी मी पाहिली. निवास देवस्थानाजवळ, भाषणे इंग्रजीत, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एक तास 'ग्रामस्थांशी संवाद'. जेवणानंतरचा तास! ज्याचे ऐकावयाचे नसते त्याला सभेत ती वेळ देतात, हे मला ठाऊक आहे.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी बाई हिरडा वेचते, चिखलात भात लावते. अंगठ्याच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातल्या यंत्राला त्या ओळखल्या नाहीत, किंवा डोंगराआड रेंज गेली, की तिला पुन्हा खेप पडते आणि दिवसाची मजुरी बुडते. यंत्र चुकले असे कोणी म्हणत नाही. 'बाई, तुझा अंगठा लागत नाही!' गिरण्यांत सूत वाईट आले तरी खराब कापडाचा दंड विणकरालाच भरावा लागे, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा मी सांगितले, परिषद घोडेगावला घ्या. तालुक्याचे ठिकाण, आदिवासी प्रकल्प कार्यालय तेथेच, एस.टी.ची सोय. पहिले भाषण त्या बाईचे, मराठीत. इंग्रजीवाल्यांना दुभाषा द्या. नावनोंदणीला छापील अर्ज नको, दाराशी बसणाराने विचारून लिहून घ्यावे. बिल्ल्यावरचे नाव देवनागरीत, चार हातांवरून वाचता येईल एवढे ठळक. आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या दिवसाची मजुरी.

या शेवटच्या कलमावर बरीच घासाघीस झाली. पैसे दिले तर त्या खरे बोलणार नाहीत, असे एकाने मांडले. मी विचारले, आपण मानधन घेऊन बोलता तेव्हा खोटे बोलता काय? तो हसला, आणि मजुरी अंदाजपत्रकात चढली.

पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांना निमंत्रण जाईल. त्यांची खुर्ची व्यासपीठावर नाही, श्रोत्यांत पहिल्या रांगेत ठेवावयाची आहे. उद्घाटन करून मोटारीकडे वळण्याची सोय त्यात नाही. ते येतात की नाही, पाहू.

तारीख मात्र ठरलेली नाही. हिरड्याचे दिवस नकोत, आवणी नको, भातकापणीही नको, एवढे मी कळविले आहे. मधला एखादा आठवडा ती मंडळी शोधीत आहेत.