गुंडाळलेलं शीड आणि समोरचा वारा

शिडाची होडी वाऱ्याच्या विरुद्धही जाते, हे सांगितलं की पुष्कळांचा विश्वास बसत नाही. थेट वाऱ्याच्या तोंडात नाही जाता येत; साधारण ४५ अंशांचा कोन राखून, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, घाट चढावा तशी वळणं घेत जावं लागतं.

जोरदार वाऱ्यात हे काम अवघड होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. शिवाय होडी वाऱ्याला सामोरी जाते, म्हणून त्यात तिच्या वेगाचीही भर पडते. वारा २५ नॉटचा आणि होडीचा वेग ६ नॉट असेल, तर वारा पाठीशी घेताना अंगावर १९ नॉटच लागतो. तीच होडी वळवून वर न्या, जवळजवळ ३० होतो!

अशा वेळी शीड लहान करायचं. मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा पुढचं शीड बदलायला हिंदकळत्या नाळेवर जावं लागे. आता पुढचं शीड खिडकीच्या पडद्यासारखं त्याच्या ताणतारेभोवती गुंडाळलं जातं, आणि तेही मागे बसून एक दोर ओढला की. सोय उत्तमच आहे. जो माणूस नाळेवर गेलाच नाही, तो तिथून पाण्यात पडणार नाही.

पण अर्धं गुंडाळलेलं शीड म्हणजे लहान शीड नव्हे. शिवताना शिडाला पोट ठेवलेलं असतं. गुंडाळताना कडा आत जातात, पोट तसंच राहतं. पुढची धार जाड वळकटी होते, तारही वाऱ्याच्या दाबाने झोल खाते. मग होडी पुढे जाण्याऐवजी कलते आणि बाजूला घसरते. ४५ अंशांचा कोन ६० वर गेला, तर वाऱ्याच्या दिशेने १० मैल सरकायला १४ ऐवजी २० मैल कापावे लागतात.

हे निव्वळ गणित नाही. पावसाळ्यात कोकणात नैऋत्येचा वारा होडीला किनाऱ्यावरच लोटत असतो. जिला वाऱ्याविरुद्ध वर चढता येत नाही, ती खडकावर जाते. आपल्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत ओढून ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

उपाय आहेत. शिडाच्या पुढच्या धारेत फोमची पट्टी शिवून घेतली की पोट बरंचसं वळकटीत जिरतं. शीड गुंडाळाल तशी त्याच्या दोराची कप्पी पुढे सरकवा, मागची तार ताणा, मोठं शीडही वेळेत कमी करा. गुंडाळण्याआधी शिडातला वारा सोडा. दोर अडला तर चरखीने रेटू नका, कुठे अडलाय ते पाहा. आणि हा दोर घासून झिजलेला नाही ना, हे बंदरातच तपासा. तो तुटला तर भर वाऱ्यात संपूर्ण शीड उघडतं.

तिसऱ्या हिश्शाहून जास्त गुंडाळावं लागलं, तर माझं मत सरळ आहे: ते पूर्ण बंद करा आणि आतल्या दुसऱ्या तारेवर जाड कापडाचं छोटं वादळी शीड चढवा. ते बहुधा भडक नारिंगी असतं, लांबून दिसावं म्हणून. बहुतेक होड्यांत मात्र ते पार तळाशी, कधीच न उघडलेल्या पिशवीत पडलेलं असतं.