नागपूरचा सांबार

कोथिंबीर नागपूरकडे सांबार या नावाने विकली जाते. गाजर, जिरे, ओवा आणि बडीशेप यांच्याच कुळातली ही वनस्पती फार जुनी. इजिप्तच्या तूतनखामेन राजाच्या थडग्यातही धने सापडले आहेत.

धन्याचा गोल दाणा म्हणजे खरे तर फळ. त्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्यापूर्वी धने हलके रगडून फोडून घेतात. या पिकाला थंडी मानवते. हिवाळ्यात कॉटन मार्केटमध्ये सांबाराचे ढीग लागतात आणि भाजीवाला मूठभर सांबार वरून फुकटही टाकतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे गेला की रोप लवकर फुलावर येते, पाला कमी मिळतो आणि तीच जुडी महाग होते.

पाला आणि धने एकाच रोपाचे, पण दोघांचा वास वेगळा. पाल्याचा वास अल्डिहाइड नावाच्या द्रव्यांचा. तो शिजवताना चटकन उडतो. म्हणून वरण-भाजी उतरवल्यावरच सांबार भुरभुरतात. काहींना हाच वास साबणासारखा लागतो. वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी त्याचा संबंध असल्याचे 2012 साली संशोधकांनी दाखवले. तेव्हा ताटातला सांबार बाजूला सारणाऱ्याला नाक मुरडू नये.

नागपूरच्या पुडाच्या वडीत, म्हणजे सांबारवडीत, मात्र सांबार शोभेपुरता नसतो; सारणाचा मुख्य ऐवज तोच. खरे कौशल्य त्यातले पाणी काढण्यात आहे. जुडी निवडून धुतात, कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ देतात आणि मगच बारीक चिरतात. ओला सांबार चिरला की सारण पाझरते, पारी फाटते आणि वडी तेल पिते. भाजलेली खसखस, किसलेले सुके खोबरे आणि तीळ चवीबरोबर उरलासुरला ओलावाही शोषून घेतात. मीठ सर्वांत शेवटी, वड्या भरायच्या वेळीच घालतात, कारण मिठाने पाला लगेच पाणी सोडतो. बेसन आणि कणकेची पारी लाटून तिला आतून चिंच-मसाल्याचे पाणी लावतात, सारण भरून पुडा बंद करतात आणि बेताच्या आचेवर तळतात. तेल थेट सारणाला लागत नाही, म्हणून आतला सांबार हिरवा राहतो. सोबत कढी हवीच.

धन्यांचे तंत्र उलटे. त्यांतला मुख्य सुगंध लिनालूलचा. मंद आचेवर भाजल्याने तो खुलतो. करपवला तर कडूपणा येतो. सावजी रश्श्याच्या मसाल्यात तिखटाचा बोलबाला असला, तरी रश्श्याला अंग धन्यांमुळे येते. धने अख्खे असले तर बंद डब्यात बरेच महिने टिकतात. कुटल्यावर वास भराभर उतरतो. त्यामुळे वर्षाचे धने साठवून पूड लागेल तशी, थोडी थोडी करणे चांगले.