गाणं कुणाचं?

‘मून रिव्हर’ म्हटलं की ऑड्री हेपबर्न आठवते, फार तर संगीतकार हेन्री मॅन्सिनी. शब्द मात्र जॉनी मर्सरचे. चार ऑस्कर मिळवलेला हा गीतकार १९७६ मध्ये गेला.

१९९७ मध्ये ब्रॉडवेवर त्याच्या गाण्यांचा रेव्ह्यू आला, ‘ड्रीम’. रेव्ह्यू म्हणजे सलग गोष्ट नाही. एकामागून एक गाणी आणि नाच. त्यात सत्तरी ओलांडलेली मार्गारेट व्हाइटिंग गायली. तिचे वडील रिचर्ड मर्सरच्या शब्दांना चाली द्यायचे. ते वारले तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

१०९ प्रयोगांनंतर शो बंद पडला. पण मला तो आवडतो एका कारणासाठी: जाहिरातीत नाव गीतकाराचं होतं.

आज आवडतं गाणं लावाल ना, तेव्हा जरा खाली स्क्रोल करा. शब्द कुणाचे, ते बघा.