दाखल्याचा हेलपाटा
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आज आम्ही दाखल्यांवर बोलणार आहोत. जातीचा दाखला, पडताळणी हे शब्द ऐकले की आपल्या वस्तीत घरोघर पोटात गोळा येतो. लेकरू बारावीला गेले की बापाच्या मागे लागते. बाप डाळ मिलचा कामगार. एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. आणि खिडकीवर ऐकायचे काय, तर "उद्या या". एका कचेरीत आम्हीही असे सहा-सहा हेलपाटे घातलेले आहेत.

हा कागद का लागतो, ते तरुणांनी समजून घ्यावे. १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश निघाला. म्हणून त्या तारखेच्या आधीचा आजा-पणजाचा पुरावा मागतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. आपण बौद्ध झालो, पण केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या दिल्या. केंद्राचा कायदा बदलला तो १९९० साली. चौतीस वर्षे समाज त्यासाठी झगडला. म्हणून दाखला ही कोणाची मेहेरबानी नाही, लढून मिळवलेला हक्क आहे.

आपल्या मराठवाड्याची अडचण आणखी वेगळी. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. जुने दप्तर बरेचसे उर्दूत आणि साल फसली. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघाला, तेव्हा लातूरकराचा जुना कागद धाराशिवलाही असू शकतो. शिवाय वस्तीतली कितीतरी घरे पोटासाठी नांदेड जिल्ह्यातून इकडे आलेली. त्यांचे मूळ तिकडेच.

असेच एक घर कंधार तालुक्यातले. पोरीला इंजिनिअरिंगला जायचे होते आणि पणजोबाचा पुरावा हाती नव्हता. गावाकडे कोणी उरले नाही. जुन्या वाड्यातले लोक कसे बोलतील, मास्तर दारात तरी उभे करतील का, याची धास्ती. म्हणून पोरगी, तिची आजी आणि विहारातले आम्ही चौघे, असे मिळूनच निघालो. येष्टीत कोणी कोणाशी धड बोलत नव्हते.

शाळेत गेलो तर मुख्याध्यापकांनी आधी खुर्च्या मागवल्या. आजींना पाणी दिले. लाल फडक्यात बांधलेले जुने रजिस्टर स्वतः कपाटातून काढले. पानावरचा मजकूर उर्दू, आम्हा कोणाला वाचता येईना. मग त्यांनी गावातल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांना निरोप धाडला. ते काठी टेकत आले, चष्मा पुसला आणि एकेका नावावर बोट ठेवत वाचू लागले. तासाभराने थांबले. "हे बघा, तुमचंच नाव."

१३५२ फसली. त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९४२-४३ साल. पहिलीत नाव घातलेले. जात लिहिलेली. पुढच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण एका शब्दात : गैरहजर.

आजी म्हणाल्या, "आमचे सासरे शाळेत गेल्ते? हे तर त्यांनी कधीच सांगितलं नाही बाई." पोरीने त्या अक्षरांवरून हळूच हात फिरवला. उर्दू मास्तरांनी चहा मागवला आणि पोरीला त्याच कागदावर पणजोबाचे नाव उर्दूत लिहायला शिकवले. परतीच्या येष्टीत आजी सासऱ्यांच्या गोष्टी सांगत होत्या, आणि लोहा कधी मागे पडले ते कळले नाही.

बंधू-भगिनींनो, सगळ्या कचेऱ्या अशा असतात असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या कामाची आपण धास्ती घेतो, त्यात एवढा मोठा ठेवाही दडलेला असतो. त्या रजिस्टरात निव्वळ जात नव्हती. शाळेच्या दारापर्यंत पोचलेला एक माणूस होता. त्याची राहिलेली हजेरी आपल्या लेकरांनी भरायची आहे.

म्हणून चार गोष्टी सांगतो. बारावीची वाट पाहू नका, दहावीनंतरच कागद जमवा. आजा-पणजाचे गाव, शाळा, साल म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा. ती माणसे गेली की पुरावा शोधायची वाटच बुजते. अर्ज दिला की पोच घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतीत काम न झाल्यास अपील करता येते. आणि एकट्याने जाऊ नका. रविवारी वंदना झाल्यावर विहारात आम्ही बसतो. कागद घेऊन या. ज्याला खाडा परवडत नाही, त्याच्यासाठी दुसरा कोणी जाईल. संघ म्हणतो आपण, तो अशाच कामात दिसला पाहिजे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!