तालमीतला कॅमेरा



नाट्यशिबिरांचं आणि नाटकाच्या तालमींचं चित्रीकरण मी करतो, ते शिकणाऱ्यांना दाखवण्यासाठी. लोक विचारतात, प्रयोगाचंच का करत नाही? आपल्या गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं तर पूर्ण गुण मिळत नसत, रीत दाखवावी लागे. प्रयोग म्हणजे उत्तर. रीत तालमीत असते.

इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात जॉन बार्टन यांनी 'प्लेइंग शेक्सपिअर' ही दूरदर्शन मालिका केली. नामवंत नट एकच उतारा वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून पाहतात, त्यावर चर्चा होते. पीटर ब्रुक यांच्या तालमीवर त्यांच्या मुलाने केलेला 'द टाइटरोप' हा माहितीपट २०१२चा. त्यात नट गालिच्यावर नसलेल्या दोरीवरून चालतात. तिथे कॅमेरे लपवलेले होते, कारण कॅमेरा दिसला की नट त्याच्यासाठीच अभिनय करू लागतो.

मी कॅमेरा लपवत नाही. पहिले दोन दिवस तो कोपऱ्यात बंदच ठेवतो. मुलांना त्याची सवय झाली की सगळ्यांना सांगून सुरू करतो. चौकटीत सगळी खोली घेतो; बोलणाऱ्याइतकाच ऐकणारा नटही दिसायला हवा. माइक दिग्दर्शकाजवळ ठेवतो, कारण महत्त्वाची सूचना बहुधा हळू आवाजातच दिली जाते. आणि चुकलेले प्रयत्न कापत नाही. शिकण्यासारखं तेच असतं.

पण ती चूक कुणाची तरी असते. एका शिबिरात एक मुलगी स्वगत म्हणताना अडखळली, रडली, आणि मग फार सुंदर बोलली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, ते पुसाल का?" आयोजकांना तोच भाग हवा होता. मी पुसला. तिला पुन्हा निर्धास्तपणे चुकता आलं नसतं, तर ती शिकली कशी असती? तेव्हापासून आधी मुलांना विचारतो, लहान असतील तर पालकांनाही. कोण पाहणार ते सांगतो, आणि नंतरही नकार देण्याची मुभा ठेवतो. मोबाइलवर कुणालाच काही पाठवत नाही.

आपल्या स्नेहसंमेलनांचे फोटो या स्मरणिकेत आहेत. पण बाई चुकलेलं वाक्य कसं सुधारून घेत, सर मागच्या बाकावरून "ऐकू येत नाही!" असं कितीदा ओरडत, याची नोंद कुठेच नाही. यंदाच्या तालमींना मी ट्रायपॉड घेऊन यायला तयार आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी द्यावी. मुलांची मी स्वतः मागेन.